डिसेंबरच्या फळीवरचा निवडुंग

गेली चार वर्षे डिसेंबर जवळ आला, की मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरची नेहमीची भांडी उतरवते आणि त्यांच्या जागी निवडुंगाची भांडी लावते. उभ्या कंगोऱ्यांचा हिरवा जग, सग्वारो या उंच, खांबासारख्या निवडुंगाच्या आकाराची मीठदाणी आणि मिरीदाणी, देठाच्या जागी काचेचा निवडुंग असलेले सहा पेले, फड्या निवडुंगाच्या आकाराची एक पसरट थाळी आणि बिस्किटे कापायचे पत्र्याचे तीन साचे, एवढाच हा संसार आहे. नाताळपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो फळीवर राहतो आणि मग कागदात गुंडाळून पुन्हा खोक्यात जातो. सूचिपर्णी झाड, हिमकण आणि लाल मोजे यांच्या हंगामात हे काटेरी झाड कुठून आले, असे घरी येणारे बहुतेक जण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला मनापासून आवडते, कारण जगाच्या एका मोठ्या भागात डिसेंबर निवडुंगाच्याच सोबतीने येतो.

अमेरिकेतील ॲरिझोना आणि मेक्सिकोतील सोनोरा या प्रांतांच्या वाळवंटात सग्वारो वाढतो. चित्रात निवडुंग काढायचा म्हटले, की हात वर केलेल्या माणसासारखी जी आकृती आपण काढतो, ती याच एका जातीची असते. फिनिक्स शहरातील डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये डिसेंबरच्या संध्याकाळी पायवाटांच्या कडेने दिवे लावलेल्या कागदी पिशव्यांच्या रांगा मांडतात. त्यांना लुमिनारिया म्हणतात आणि ही प्रथा तिथे १९७०च्या दशकापासून चालत आली आहे. नेवाडा राज्यातील हेंडरसन येथे एका चॉकलेट कारखान्याला लागून निवडुंगांची मोठी बाग आहे आणि तीही दरवर्षी नाताळात दिव्यांच्या माळांनी उजळते. मेक्सिकोमध्ये तर निवडुंग थेट ताटातच असतो. रोमेरितोस नावाची बारीक पानांची भाजी, बटाटे, फड्या निवडुंगाचे तुकडे आणि सुकट कोळंबीच्या वड्या मोले या दाट मसालेदार रश्श्यात शिजवून तिथे नाताळात वाढतात.

भांडी घेताना मी आता दोन गोष्टी पाहते. पहिली म्हणजे घडवणाऱ्याने खरा निवडुंग नीट पाहिला आहे का. खऱ्या सग्वारोचे कंगोरे बुंध्यापासून टोकापर्यंत सलग जातात आणि पाऊस पडून झाड पाणी साठवू लागले, की एखाद्या वाद्याच्या भात्यासारखे उलगडतात. असे कंगोरे असलेला जग ओल्या हातातून निसटत नाही, म्हणजे इथे झाडाचा आकार भांड्याच्या कामालाही येतो. याउलट गुळगुळीत हिरव्या नळकांड्यावर काळे ठिपके रंगवलेले मग दिसायला मजेशीर असले, तरी मला ते लवकर कंटाळवाणे होतात. निवडुंगाची चित्रे असलेल्या ताटल्यांची आवड नवी नाही. होमर लॉफलिन या अमेरिकी कंपनीने १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकाना नावाची नक्षी काढली होती आणि तिच्यात कुंड्यांमधले निवडुंग होते. त्या ताटल्या संग्राहक आजही शोधत असतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सणाच्या हंगामात विकायला येणारी पुष्कळशी रंगीत चिनीमाती केवळ शोभेची असते. तिच्या झिलईत शिसे किंवा कॅडमियम असू शकते आणि लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर यांसारख्या आंबट पदार्थांत ते उतरू शकते. माझा पहिला निवडुंगी जग असाच होता. त्यात मी लिंबाचे सरबत रात्रभर ठेवले आणि सकाळी आतली झिलई निस्तेज व खरखरीत झालेली दिसली. सरबत ओतून दिले आणि जग फुलदाणी झाला. तेव्हापासून भांड्याच्या तळाशी ते अन्नासाठी सुरक्षित असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्यात मी खाण्याचे काहीही ठेवत नाही. थाळी फारच आवडली, तर तिच्यावर काचेची बशी ठेवून त्या बशीत पदार्थ मांडते.

आता पदार्थांकडे येते, कारण माझ्या मते ही सगळी मांडामांड पदार्थांसाठीच असते. फड्या निवडुंगाचे आपण ज्याला पान म्हणतो, ते खरे तर चपटे झालेले खोड आहे. मेक्सिकोत त्याला नोपाल म्हणतात. कोवळे फडे घ्यावेत, चिमट्याने धरून धारदार सुरीने काटे आणि त्यांच्या बुडाशी असलेली कुसळे तासून टाकावीत, कडा कापाव्यात आणि मग बोटभर लांबीचे तुकडे करावेत. कापल्यावर भेंडीसारखी तार सुटते आणि तिलाच घाबरून अनेक जण हा पदार्थ सोडून देतात. तुकड्यांना मीठ चोळून थोडा वेळ ठेवले आणि नंतर धुतले, तर बराचसा बुळबुळीतपणा निघून जातो. दुसरा मार्ग म्हणजे कांद्याची फोड आणि मीठ घालून ते १० ते १५ मिनिटे उकळावेत व निथळून थंड पाण्याखाली धरावेत. मला तिसरा मार्ग आवडतो. तापलेल्या जाड तव्यावर तेलाशिवाय तुकडे पसरावेत आणि सुटलेले पाणी आटून त्यांचा झळझळीत हिरवा रंग ऑलिव्हसारखा मवाळ होईपर्यंत परतावेत. नंतर त्यात टोमॅटो, पांढरा कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबाचा रस आणि वरून कुस्करलेले ताजे चीज घातले, की हिरवा, लाल आणि पांढरा असे हंगामाचे तिन्ही रंग कोणत्याही कृत्रिम रंगाशिवाय ताटात येतात.

नोपालच्या चवीचे एक गुपित झाडाच्या श्वासात आहे. दिवसा पाणी उडून जाऊ नये, म्हणून निवडुंग आपली सूक्ष्म छिद्रे रात्री उघडतो, त्या वेळी कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. दिवसा सूर्यप्रकाशात हे आम्ल वापरले जाते. त्यामुळे पहाटे तोडलेला फडा आंबट लागतो आणि दुपारी तोडलेला सौम्य. कुंडीतल्या किंवा अंगणातल्या झाडाचा फडा काढायचा असेल, तर वेळ निवडणे आपल्या हाती असते. ज्याला आंबटपणा हवा, त्याने सकाळी कापावा.

निवडुंगाच्या बोंडांचा पाक हा माझ्या घरातला डिसेंबरचा मुख्य पदार्थ आहे. बोंडे उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पिकतात, म्हणून मी रस तेव्हाच काढून गोठवून ठेवते. बोंडांवरची कुसळे केसासारखी बारीक असतात आणि उलट्या आकड्यांमुळे कातडीत रुतून बसतात, त्यामुळे त्यांना कधीही उघड्या हाताने धरू नये. चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवली, की कुसळे जळून जातात. मग दोन्ही टोके कापून, उभी चीर देऊन साल सोलावी, गर मिक्सरमध्ये थोडाच वेळ फिरवावा आणि मलमलीतून गाळावा. बिया कठीण असतात, त्या भरडल्या जाऊ देऊ नयेत. एक कप रसाला एक कप साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस हे माझे प्रमाण आहे. साखर विरघळली, की मंद आचेवर १० मिनिटांत पाक तयार होतो. त्याहून जास्त उकळू नये, कारण बोंडांचा तो विलक्षण किरमिजी रंग बीटमध्ये असतो त्याच बीटालेन गटातला आहे आणि दीर्घ उष्णतेने तो फिका व तपकिरी पडतो. लिंबामुळे रंग टिकायला मदत होते. हा पाक सोड्याच्या पाण्यात, दह्यावर किंवा साध्या स्पंज केकवर घालावा. काचेच्या निवडुंगाच्या देठावर पेल्यात तो रंग उभा राहिला, की टेबलावर आणखी काही मांडायची गरज मला वाटत नाही.

बिस्किटांच्या बाबतीत एकच व्यवहारी सूचना करते. सग्वारोच्या साच्याचे हात बारीक असतील, तर पीठ किमान तासभर थंड केल्याशिवाय कापू नये, आणि साचा घेतानाच जाड हातांचा निवडावा. झाडालाही हात फुटायला अनेकदा ५० ते ७५ वर्षे लागतात, त्यामुळे एखाद्या बिस्किटाचा हात तुटलाच, तर तो तरुण सग्वारो समजून तसाच सजवावा. काट्यांसाठी पांढऱ्या आयसिंगच्या बारीक रेघा कंगोऱ्यांच्या ओळीतच काढाव्यात आणि फुले फक्त टोकांवर, पांढरीच काढावीत. सग्वारोचे फूल रात्री उमलते, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटते आणि खरोखर पांढरेच असते. ॲरिझोनाने १९३१ मध्ये त्याला राज्यपुष्पाचा मान दिला. केकवर मात्र खरा निवडुंग कधीही रोवू नये, कारण क्रीममध्ये पडलेले एक कुसळ कोणालाच दिसत नाही.

एका पदार्थाबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. मेक्सिकोत ६ जानेवारीला जो गोल गोड पाव कापतात, त्याच्यावर पूर्वी आसित्रोन नावाच्या मुरवलेल्या पट्ट्या लावत. त्या बिझनागा या मोठ्या, गोल निवडुंगाच्या गाभ्यापासून बनत. हे झाड अतिशय सावकाश वाढते आणि मिठाईसाठी ते अख्खेच तोडावे लागते. आता मेक्सिकोच्या कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे आणि जाणकार घरांत त्या जागी बिहीच्या (क्विन्सच्या) फळाची वडी किंवा मुरवलेली फळे वापरतात. जुन्या पाककृतीत आसित्रोन लिहिलेले दिसले, तरी ते मागू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार निवडुंगाच्या ३१ टक्के जातींना नष्ट होण्याचा धोका आहे. ज्या झाडाच्या रूपावर आपण प्रेम करतो, त्याच्याच जिवावर आपला सण होऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

सजावटीतही हाच विचार मी ठेवते. या हंगामात चमकी फवारलेले, रंगवलेले किंवा माथ्यावर वाळलेले फूल गरम गोंदाने चिकटवलेले छोटे निवडुंग सर्रास दिसतात. रंगाच्या थरामुळे झाडाला उजेड मिळत नाही आणि गोंद काढताना साल फाटते. असे एक झाड मी दया येऊन घरी आणले होते. फूल निघाले, पण खालची जखम सडली आणि फेब्रुवारीपर्यंत झाड गेले. दिव्यांची माळ लावायचीच असेल, तर ती न तापणाऱ्या एलईडी दिव्यांची असावी, चिमट्याने काट्यांवर सैल ठेवावी आणि सण संपताच उतरवावी. निवडुंग म्हणून विकली जाणारी काही काटेरी झाडे युफोर्बिया या अगदी वेगळ्या गटातली असतात. त्यांचा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रासदायक असतो, म्हणून ती जेवणाच्या टेबलावर ठेवू नयेत. खऱ्या निवडुंगाचे काटे लहानशा लवदार गादीतून उगवतात आणि हीच त्याची ओळख होय. नाताळात सर्वत्र दिसणारे पॉइन्सेटियाही युफोर्बियाच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी, खिडकीत, नाताळ निवडुंग असतो. श्लुंबर्गेरा हे त्याच्या गटाचे शास्त्रीय नाव. आग्नेय ब्राझीलच्या किनारी डोंगरांतल्या दमट जंगलात तो झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांवर वाढतो, म्हणून त्याला वाळवंटी निवडुंगासारखे कोरडे ठेवणे ही चूक ठरते. माती वरून सुकली, की पाणी द्यावे आणि कडक ऊन टाळावे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्यामुळे ब्राझीलमध्ये त्याला मे महिन्याचे फूल म्हणतात. खोडाच्या पेरांच्या कडा टोकदार दातांच्या असतील, तर ती नोव्हेंबरमध्ये फुलणारी ट्रुंकाटा ही जात, आणि कडा गोलसर असतील, तर नाताळाच्या सुमारास फुलणारा जुना संकर. बाजारात बहुधा पहिला प्रकारच मिळतो.

माझे झाड पहिली दोन वर्षे हिरवेगार राहिले आणि एकही कळी आली नाही. मी खत बदलले, कुंडी बदलली. कारण अखेरीस सापडले ते स्वयंपाकघरातल्या दिव्यात. या झाडाला कळ्या धरण्यासाठी साधारण सहा आठवडे रोज १२ ते १४ तासांचा अखंड अंधार आणि थोडा गारवा लागतो, आणि मी रोज रात्री उशिरापर्यंत त्याच्याच शेजारी दिवा लावून काम करत होते. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस त्याला मागच्या खोलीत हलवले आणि संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत त्या खोलीत दिवा लावायचा नाही, असे घरात सगळ्यांना सांगितले. नोव्हेंबरच्या मध्याला प्रत्येक पेराच्या टोकाला भाताच्या दाण्याएवढी गुलाबी कळी दिसली. कळ्या धरल्यावर कुंडी वरचेवर हलवू नये, कारण उजेड, तापमान किंवा पाणी यांत एकदम बदल झाला, तर त्या गळतात. त्या वर्षी २३ फुले आली आणि मी ती दररोज मोजली.

फुले ओसरली, की जानेवारीत मी दोन-तीन पेरांचे तुकडे पिळून वेगळे करते, एक-दोन दिवस सावलीत सुकू देते आणि भुसभुशीत मातीत खोचते. ज्या मगांचे कान तुटले आहेत, त्यांच्या तळाला भोक पाडून मी त्यांच्या कुंड्या केल्या आहेत. फळीवरची भांडी खोक्यात जातात, त्याच दिवशी हे मग खिडकीत येतात. आत्ता तिथे पाच आहेत, आणि त्यांतल्या दोन कलमांना नवे तांबूस पेर फुटले आहे.