आमची वाटचाल : निळ्या जोडीवर चाललेला धंदा

१९९६ साली घराघरांत फोनच्या वायरी टाकायच्या धंद्यासाठी कोथरूडला दहा बाय आठच्या गाळ्यात आम्ही बसलो, तेव्हा भांडवल काय, तर एक मल्टिमीटर, एक टेस्ट फोन आणि मामा. मामा म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. नात्याचे नव्हेत, पण सगळेच त्यांना मामा म्हणायचे. क्रोनचं टूल, म्हणजे फोनच्या जोडणीपट्टीच्या खाचेत वायर दाबून बसवायचं हत्यार, त्यांचं स्वतःचं होतं आणि ते कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. वायर खाचेवर धरायची, टूल दाबायचं, खट्‌ झालं की वायर बसली आणि उरलेलं टोक कापून खाली पडलं. खट्‌ मनासारखं वाजलं नाही तर तीच वायर उपटून पुन्हा बसवायला लावायचे.

गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच असायचं : फोन हॉलमध्ये आहे, आतल्या खोलीतही हवा, पण भिंत फोडायची नाही. दुसरे लोक भिंतीवर पट्टी ठोकून वायरीचे दर मीटरला पैसे लावत. आम्ही आधी भिंतीत काय पडलंय ते बघायचो. बंद पडलेल्या इंटरकॉमची केबल निघायची, नाहीतर चार तारांच्या फोन केबलीतल्या दोन तारा मोकळ्या असायच्या. फोनला दोनच तारा लागतात! वायर विकून मिळणारा पैसा आम्ही सोडला, त्यावर लोक हसलेही.

मामांचा एकच नियम होता, जोडी मोडायची नाही. पीळ दिलेल्या दोन तारा एकमेकींच्याच. मी एका बंगल्यात घाईघाईने एक तार या जोडीतली, एक त्या जोडीतली घेतली. दोन लाइनी, एकच लांब केबल. सुनेचं माहेरशी चाललेलं बोलणं सासूबाईंच्या फोनवर पुसट ऐकू यायला लागलं. ते काम फुकटात पुन्हा करून दिलं आणि वर बोलणी खाल्ली.

मधली वर्षं बरी गेली. २००५ नंतर ब्रॉडबँड आलं, स्प्लिटर (फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी) आधी आणि फोनचं एक्स्टेन्शन त्याच्या पुढे, हे लोकांना समजावण्यात दोन वर्षं गेली. ते सोडा.

सांगायचंय ते २००९चं. आमच्या एका डॉक्टरबाई, खाली दवाखाना, वर घर. २००४ साली त्यांच्या भिंतीत कॉम्प्युटरची केबल पडली होती, चार जोड्यांची. तेव्हाच्या शंभर मेगाबिट वेगाच्या नेटवर्कला नारिंगी आणि हिरवी एवढ्याच जोड्या लागत. निळी मोकळी होती, तिच्यावर आम्ही दवाखान्याचा फोन वर नेला. मामांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली : ‘निळी जोडी फोन, हात लावू नये.’

पुढे कॉम्प्युटरचं काम एका मुलाकडे गेलं. वर्षभर माझ्याचकडे हेल्पर होता, क्रिम्पिंग, म्हणजे तारांवर कनेक्टर दाबून बसवणं, मीच शिकवलं. त्याने गिगाबिटचा, म्हणजे दहापट वेगाचा, स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा डबा) आणला, चिठ्ठी फाडली आणि आठच्या आठ तारा कनेक्टरमध्ये दाबल्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, हे त्याला ठाऊक होतं. निळीवर फोन आहे, हे त्याने बघितलं नाही. तीन दिवस दवाखान्याचा नंबर एंगेज. त्याने बाईंना सांगितलं, जुन्या वायरी कुजल्यात, सगळं नवीन ओढा. हेच त्याने आसपासच्या सोसायट्यांतही पसरवलं. आमची इंटरकॉमची तीन वार्षिक कंत्राटं एका महिन्यात गेली. दोन महिने गाळ्याचं भाडं थकलं, स्कूटर विकली, तिसऱ्या महिन्याचं भाडं मामांनी पेन्शनमधून भरलं.

बाईंनी मात्र मला बोलावलं. घरातले सगळे फोन काढून मीटर लावला. तेव्हा ४८-५० व्होल्ट दिसायला हवेत, मीटर होता जवळजवळ शून्यावर. म्हणजे एक्स्चेंजला वाटत होतं, कुणीतरी रिसीव्हर उचलून ठेवलाय. नेटवर्कच्या पोर्टात बारीक कॉइल असते, तिच्यातून लाइनीचा करंट सरळ पार होतो. कनेक्टर कापला, निळी जोडी वेगळी केली, मीटर ४९वर. हात निघायच्या आत फोन वाजला, पेशंटचा. बाईंना स्पष्ट सांगितलं, या केबलवर आता शंभरचाच स्पीड, गिगाबिट हवं तर आणखी एक वायर ओढू. त्या म्हणाल्या, फोन राहू दे. कापलेला कनेक्टर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्या मुलाचं आता मोठं शोरूम आहे, असो.

विचारलं नाहीत तरी सांगतो. फोनची वायर विजेच्या पाइपात घालू नका, जागा असली तरी. फायबर आलं म्हणून भिंतीतली तांब्याची वायर उपटू नका. फायबरच्या डब्याला फोनचं सॉकेट असतं, तिथून छोटी कॉर्ड भिंतीतल्या जुन्या सॉकेटला दिली की घरभर फोन चालतो. पण त्याआधी बाहेरून आलेली जुनी लाइन पेटीतून सोडवा, दोन्हीकडून व्होल्टेज भिडवू नका. आणि घंटेचे जुने जड फोन चार-चार लावू नका, डब्यात तेवढी ताकद नसते.

मामा २०१७ साली गेले. टूल माझ्याकडे आहे, मीही कुणाच्या हातात देत नाही. २०२२ साली डॉक्टरबाईंकडे फायबर आलं. बाहेरची लाइन सोडवली, डब्यातला फोन त्याच निळ्या जोडीवर चढवला आणि वर जाऊन उभा राहिलो. घंटा वाजली. उचलावा की नाही या विचारात होतो, तेवढ्यात जिन्यातून बाईंचा आवाज आला, “अहो उचला, मीच मोबाइलवरून करतेय!”