मामांच्या बागेतलं लोरावॅन नेटवर्क सुरक्षित करताना

दिंडोरी तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे. मातीतली ओल आणि पानांवरचा दमटपणा मोजणारे वायरलेस नोड (छोटे रेडिओ डबे) एका पुरवठादाराने तिथे बसवून दिले होते. ते लोरावॅन या, कमी विजेवर लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओ नेटवर्कवर चालतात. ठिबकचे व्हॉल्व्हही त्याच नेटवर्कवर; मामा ते मोबाईलवरून उघडतात. डावणी या बुरशीजन्य रोगाची फवारणी कधी घ्यायची, कुठल्या प्लॉटला किती पाणी सोडायचं, हे मामा त्या आकड्यांवर ठरवतात. म्हणून मी ते तपासायला घेतलं.

"लोरावॅनमध्ये एईएस-१२८ एन्क्रिप्शन असतंच," असं पुरवठादाराचं म्हणणं. ते खरंच आहे, म्हणजे संदेश गुप्त किल्ल्यांनी कुलूपबंद असतात. पण नोडच्या सिरियल पोर्टला (तपासणीसाठीच्या जोडणीला) वायर लावून रीसेट दाबलं, तर स्क्रीनवर सगळ्या किल्ल्या उघड्या छापून आल्या. दुसरा नोड उघडला, अ‍ॅड्रेस वेगळा, किल्ल्या त्याच! म्हणजे बांधावरचा एक डबा कुणी काढून नेला की अख्खी बाग त्याच्या हातात.

खरी गोम पुढे होती. हे नोड एबीपी पद्धतीचे, म्हणजे सेशनच्या (संदेशांच्या देवाणघेवाणीच्या) किल्ल्या कायमच्या कोरलेल्या. प्रत्येक पाकिटावर, म्हणजे रेडिओ संदेशावर, चढता क्रमांक असतो, फ्रेम काउंटर. जुनं पाकीट परत आलं तर त्यावरून ओळखता येतं. इथे तो नुसत्या रॅममध्ये होता, त्यामुळे बॅटरी बदलली की शून्यावर. मग सर्व्हर पाकिटं नाकारायचा, आणि त्यावर उपाय म्हणून सर्व्हरवरची काउंटरची तपासणीच बंद करून ठेवलेली. किल्ली तीच आणि काउंटरही तोच आला, तर एन्क्रिप्शनचा कीस्ट्रीमही, म्हणजे संदेश झाकणारी बिटांची मालिकाही, तीच निघते. अशी दोन पाकिटं एकमेकांशी एक्सॉर केली (बिटागणिक ताडून पाहिली) की एन्क्रिप्शन गळून पडतं.

मामांना हे दाखवायलाच हवं होतं. व्हॉल्व्ह उघडण्याचा एक आदेश ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात टिपून ठेवला. व्हॉल्व्हच्या नोडची बॅटरी काढून परत घातली, म्हणजे त्याचा काउंटर शून्यावर, आणि दुसऱ्या लोरा बोर्डावरून तेच पाकीट जसंच्या तसं सोडलं. डाउनलिंकला (नोडकडे जाणाऱ्या संदेशाला) आयक्यू, म्हणजे रेडिओ सिग्नलचा एक भाग, उलटा ठेवावा लागतो, तेवढं सेटिंग केलं की बास. किल्ली लागलीच नाही. खट् आवाज झाला आणि लॅटरलमध्ये (ठिबकच्या नळीत) पाणी आलं.

"अरे, मोबाईल तर माझ्या खिशात आहे!" मामा म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी सगळे नोड बदलून घ्यायला होकार दिला.

लोरा चिप बनवणाऱ्या सेमटेकचा खुला लोरामॅक-नोड स्टॅक (तयार कोड) घेऊन नोडमधलं फर्मवेअर नव्याने बांधलं आणि ओटीएए पद्धतीवर गेलो, ज्यात नोड आधी सर्व्हरशी जोडणी करतो. प्रत्येक नोडला स्वतंत्र, रँडम मूळ किल्ली, म्हणजे अ‍ॅपकी. जोडणी झाली की सेशनच्या किल्ल्या दर वेळी नव्या. लोरावॅन १.०.४ प्रमाणे डेव्हनॉन्स (जोडणीच्या विनंतीवरचा क्रमांक) चढता ठेवून फ्लॅशमध्ये लिहिला, म्हणजे बॅटरी गेली तरी तो मागे येत नाही. चर्पस्टॅक या आमच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर काउंटरची तपासणी परत चालू केली. वेळ खाल्ला तो बागेतल्या कामाने: ओळीओळीने अँगलवरचे डबे उघडा, प्रोग्रामर लावा, जॉइन झाल्याची खात्री करा, रबरी गॅस्केट नीट बसवून झाकण लावा. सिरियलवरची छपाई काढली आणि चिपमधला मजकूर वाचता येऊ नये म्हणून तिचं रीडआउट प्रोटेक्शन चालू केलं. डब्यावरच्या स्टिकरवर फक्त डेव्हईयूआय, म्हणजे नोडचा ओळख क्रमांक. अ‍ॅपकी तिथे कधीही छापू नका.

जॅमिंगवर मात्र कुठलीच किल्ली चालत नाही. कुणी तो पट्टाच गोंगाटाने भरला तर 'बंद कर' हा आदेश पोहोचणारच नाही. म्हणून उघडण्याच्या आदेशातच मिनिटं पाठवतो. ती संपली की नोड गेटवेची (नोड आणि सर्व्हरमधल्या रेडिओ दुव्याची) वाट न पाहता व्हॉल्व्ह स्वतःच बंद करतो.