कान्होजी म्हणजे नक्की कोणते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझं नाव कान्होजी, आणि ते ऐकलं की लोकांना मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रेच आठवतात. ‘आंग्र्यांवरून ठेवलं ना नाव?’ हा प्रश्न मला अलिबागला बँकेत, लग्नाच्या पंगतीत, एसटीत सगळीकडे येतो, आडनावाच्याही आधी. वीस वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं: ‘नाही, जेध्यांवरून.’ मग मी कारीच्या कान्होजी जेध्यांची गोष्ट लावायचो. 1659 साली अफझलखान आला, आदिलशहाचं फर्मान आलं, काही देशमुख खानाला मिळाले. हे पाच मुलांना घेऊन राजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. कुणी फारच खोदलं तर वऱ्हाडचे कान्होजी भोसलेही काढायचो, रघूजींनी कैद केलेले.

जेधे खरे. माझ्याशी त्यांचा संबंध मी जोडलेला.

नववीत होतो. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके. मला पहिल्यांदाच बरोबर घेतलं होतं. थळहून निघालो, खांदेरी जवळ आली, बाबांनी वेताळाला हात जोडले आणि मला बोट लागली. तांडेलाच्या पोराला! आधी कडेला वाकून, मग वाकायचंही त्राण न उरून जाळ्यावरच. एक खलाशी बेटाकडे हात करून म्हणाला, ‘सरखेल, तुमचा किल्ला आला.’ सगळे हसले. बाबा हसले नाहीत. तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, हसायला हवे होते. त्यांनी जाळं न टाकताच बोट फिरवली. डिझेल गेलं, चौघांची दिवसाची कमाई गेली. किनाऱ्याला लागल्यावर एवढंच म्हणाले, ‘बाला, तू शाळा शिक.’ पुन्हा कधी बोलावलं नाही.

1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. ज्यानं त्यांना परतवलं त्याचं नाव लावून मी कुठल्या तोंडाने फिरणार होतो? 1998 पासून तर खांदेरीलाच कान्होजी आंग्रे बेट म्हणतात. जेधे बरे, मावळातले. आंग्र्यांचं घराणंही मूळचं घाटावरच्या आंगरवाडीचं, हा युक्तिवादही मी करून पाहिलाय. पण ते बोटीत ओकले नव्हते. (ओकले असतीलही. बखरीत कोण लिहितं?)

आई म्हणते, तू गोकुळाष्टमीचा, म्हणून कान्हा; ‘जी’ शाळेत नाव घालताना मास्तरांनी चिकटवलं. मावशी म्हणते, छे, बाबांनीच ठरवलं होतं, आंग्र्यांच्या समाधीला जाऊन आल्यावर. बाबांना विचारायचं राहिलं. खरं म्हणजे विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता ते नाहीत.

कुलाब्याच्या किल्ल्यात मी अजून जातो. ओहोटी बघून, चालत.