लुस्टगार्टनमधला तो दगड

बर्लिनमध्ये मराठी ग्रुपना शहर दाखवायचं काम करते मी, सहा वर्षं झाली. शहराच्या मधोमध असलेल्या लुस्टगार्टन ह्या मैदानात आमचं ठरलेलं, चर्च, म्युझियम, फोटो, की चला बसमध्ये. त्या दिवशी माणसं मोजली तर नाशिकचे काका-काकू गायब, शोधत गेले तर दोघं कडेच्या चौकोनी दगडापाशी. काका म्हणाले, "हे कोणाचं गं?"

मग बस राहिली बाजूला. सांगितलं, हेर्बर्ट बाउम आणि त्याची बायको मारियान, दोघं ज्यू, कम्युनिस्ट, आणि त्यांच्याभोवती जमलेली पोरंपोरी, बरीचशी विशीतली. बाउम इलेक्ट्रिशियन, नाझींनी ज्यू म्हणून सीमेन्सच्या कारखान्यात सक्तीने राबायला लावलेला. काका स्वतः एमएसईबीत वायरमन होते, ते एकदम जवळ सरकले. १८ मे १९४२ ला इथेच सोव्हिएत रशियाची बदनामी करणारं सरकारी प्रदर्शन चालू होतं, त्याला ह्या लोकांनी आग लावली. फार काही जळलं नाही, पण थोड्याच दिवसांत पकडले गेले, बाउम ११ जूनला कोठडीतच मेला आणि ऑगस्टमध्ये मारियानची मान उडवली, त्यांच्यातल्या हानी मायरची मार्च १९४३ मध्ये, ती २२ वर्षांची होती.

काकूंनी विचारलं, "आणि बाकीच्या ज्यूंना काही केलं नाही?"

केलं ना. सूड म्हणून ५०० जणांना धरलं, आणि २५० जणांना साक्सेनहाउसेनच्या छावणीत गोळ्या घातल्या.

"मग काय मिळालं गं पोरांना?"

मला गलबलून आलं, पण म्हटलं काकू, ऑक्टोबर १९४१ पासून बर्लिनमधनं ज्यूंना गाड्यांत भरून पाठवतच होते, गप्प बसलेलेही जातच होते. आणि वाईट ह्याचं वाटतं की हा दगड १९८१ मध्ये पूर्व जर्मनीने बसवला, त्यावर सोव्हिएत मैत्रीचं कोरलं पण ती पोरं ज्यू होती हे नाही, आगीचंही नाही, ती माहिती २००१ मध्ये काचेवर लावली.

काका विचारत होते बाउमला पुरलं कुठे. वायसेन्झेच्या ज्यू कब्रस्तानात, आणि त्या गेटसमोरच्या रस्त्याला बाउमचंच नाव आहे.

दुसऱ्या दिवशी ग्रुपला मोकळा वेळ होता, ट्रामने तिघं गेलो. आत पुरुषांना डोकं झाकावं लागतं म्हटल्यावर काकांनी खिशातली पांढरी टोपी काढून नीट झटकली आणि घातली.