गड्ड्यातली डायनासोरची पिशवी, आणि तिच्यातले पाहुणे

सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरच्या खेळण्यांच्या दुकानांत प्लास्टिकच्या डायनासोरांची पिशवी हमखास दिसते. दहा-बारा नग, सगळे साधारण वीतभर. पुढे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलवर जे ‘डायनासोरांचं जंगल’ उभं राहतं, ते बहुधा याच पिशवीतून. त्यातले तीन-चार तर डायनासोरच नसतात. ते वेगळे काढायला आधी पाय बघा.

डायनासोरचे पाय धडाखाली सरळ उतरतात. मगर, घोरपड यांचे बाजूला फाकतात. डायनासोरच्या खुब्याची खोबण आरपार भोकाची असते आणि मांडीच्या हाडाचं डोकं आत वळून तिच्यात बसतं, म्हणून पाय ताठ राहतो.

या कसोटीवर पहिला बाद होतो डायमेट्रोडॉन. पाठीवर शीड, पाय फाकलेले. हा जगला २९ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास, आणि पहिला डायनासोर येण्याआधी सुमारे ४ कोटी वर्षं नामशेष झालेला. याच्या कवटीत डोळ्यामागे एकच भोक असतं, डायनासोरच्या दोन. म्हणजे नात्यानं हा टी. रेक्सपेक्षा आपल्याला, सस्तन प्राण्यांना, जवळचा. शीड आहे पण तोंड मगरीसारखं लांब आणि प्राणी दोन पायांवर उभा असेल, तर तो स्पायनोसॉरस. तो ठेवा. १९१५ साली त्याला नाव मिळालं. इजिप्तमध्ये सापडलेली ती मूळ हाडं १९४४ च्या बॉम्बवर्षावात म्युनिकच्या संग्रहालयात नष्ट झाली. त्याची शेपटी वल्ह्यासारखी उंच होती हे २०२० मध्ये कळलं, त्यामुळे जुन्या साच्यांतली शेपटी बारीक असते.

पंखवाला टेरॅनोडॉनही डायनासोर नाही, टेरोसॉर म्हणजे उडणारा सरीसृप आहे. त्याचा पंख हाताच्या चौथ्या, प्रचंड लांब बोटावर ताणलेला असतो. त्याला दात नव्हते आणि शेपटी अगदी आखूड होती. खेळण्यात मात्र दातही असतात आणि लांब शेपटीही, म्हणजे दोन वेगळ्या टेरोसॉरांची खिचडी. चार वल्ही आणि लांब मान असलेला प्लेसिओसॉर, माशासारखा इक्थिओसॉर आणि मोसासॉर हे समुद्री सरीसृप, डायनासोर नव्हेत. इक्थिओसॉरचं शेपूट माशासारखं उभं असतं. आडवं दिसलं तर कारागिरानं डॉल्फिन समोर ठेवला होता असं समजा. इक्थिओसॉरचे अवशेष आपल्याकडे कच्छमध्ये सापडलेत. लांब मानेच्या एलास्मोसॉरसचं डोकं तर एडवर्ड कोप या नामांकित अभ्यासकानं १८६८ च्या सुमारास शेपटीच्या टोकाला बसवलं होतं, तेव्हा खेळणीवाल्यावर फार रागावू नये.

उरलेल्या खऱ्या डायनासोरांतही दुरुस्त्या आहेत. टी. रेक्सला हाताची बोटं दोन. तिसरं असलं तर ब्लेडनं कापा. शेपटी जमिनीला टेकलेली असते, कारण तीन टेकूंवर खेळणं पडत नाही. खरा प्राणी खुब्यावर तोललेला होता, धड आणि शेपटी जमिनीला समांतर. पावलांच्या जीवाश्म मार्गांमध्ये शेपूट घासल्याची रेघ जवळपास सापडतच नाही. नग मऊ, रबरी प्लास्टिकचा असेल तर मोठ्या माणसानं तो कडकडीत गरम पाण्यात मिनिटभर धरावा, शेपटी वर वाकवावी आणि वाकवलेलीच धरून गार पाण्यात बुडवावी. कडक प्लास्टिक वाकत नाही, तुटतं. शेपटी उचलली की प्राणी कोलमडणारच, म्हणून तळवे पायथ्याला चिकटवा. इथेच निम्मी मॉडेलं फसतात: रबर सोल्युशन आणि स्प्रे पेंट थर्माकोल खातात. पांढरा फेविकॉल वापरा, आणि स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेविकॉलनं वर्तमानपत्राचे दोन थर चिकटवून पूर्ण वाळू द्या.

स्टेगोसॉरसच्या पाठीवरचे पत्रे दोन ओळींत असतात पण जोडीनं नाहीत, एकाआड एक. शेपटीला काटे चार. ट्रायसेराटॉप्स सहसा ठीक असतो.

खरी गोची प्रमाणाची. टी. रेक्स सुमारे १२ मीटर लांब. तुमचा नग १५ सेंमी असेल तर प्रमाण १:८० झालं. मग २ मीटरचा, अंगावर पिसं असलेला व्हेलोसिरॅप्टर अडीच सेंमीच हवा, आणि शेजारचा माणूस दोन सेंमीचा. २२ मीटरचा ब्रॅकिओसॉरस साडेसत्तावीस सेंमीचा लागेल, तो पिशवीत मिळत नाही. मग पुठ्ठ्याची आकृती कापा, नाहीतर ‘प्रमाणात नाही’ अशी पाटी लावा. परीक्षकांना ती पाटी आवडते.

काळासाठी आपल्याकडे सुताला तोटा नाही. तीन मीटर सूत घ्या, १ सेंमी म्हणजे १० लाख वर्षं. आजच्या टोकापासून डायमेट्रोडॉन २ मीटर ९० सेंमीवर, पहिले डायनासोर सुमारे २ मीटर ३० वर, स्टेगोसॉरस दीड मीटरवर, टी. रेक्स आणि डायनासोरांचा अंत ६६ सेंमीच्या आसपास. आपली मनुष्यजात शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. स्टेगोसॉरस आणि टी. रेक्सची झुंज लावायचा मोह इथेच सुटतो.

जंगलात हिरवं गवत पसरावं का? स्टेगोसॉरसखाली नको, तेव्हा गवत नव्हतं. भारतीय डायनासोरांखाली मात्र बिनधास्त. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळालेल्या डायनासोरांच्या जीवाश्म शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस किंवा गुजरातेत रहिओलीला सापडलेला राजासॉरस कुठल्याच पिशवीत मिळत नाही, शाडूचा करा. राजासॉरसच्या डोक्यावर एक बुटकं शिंग विसरू नका.

आता, सोलापूरचा काळा फत्तर या भारतीय डायनासोरांच्याच काळातल्या लाव्ह्याचा, मग इथे हाडं का नाहीत? हाड टिकायला गाळ लागतो, तापलेल्या लाव्ह्यात ते उरत नाही. मुरुमात सापडणारा, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोल दगड हे अंडं नसून बेसाल्टची झीज आहे. अंड्याचं कवच फार तर काही मिलिमीटर जाड, चुनखडीचं, पृष्ठभाग बारीक पुटकुळ्यांचा. व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे आले तरी लगेच हुरळू नका, बेसाल्टच्या पोकळीतलं कॅल्साइटही फसफसतं. शहाबादी फरशीवरची नेच्यासारखी काळी नक्षी तर वनस्पतीही नाही. ती भेगेत झिरपलेल्या पाण्यातून साचलेली मँगनीजची आहे, आणि ती फरशी स्वतः सगळ्या डायनासोरांपेक्षा कितीतरी जुनी.