वरती जे एच कोण?

दुपारी जरा पाठ टेकली, तर आत्याचा फोन. मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर तिला तपासायला पाठवला होता. आमच्याकडे निमंत्रकांच्या नावांचा क्रम आत्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय छपाई होत नाही.

"अगं, वरती मधोमध जे एच लिहिलंय. हे कोण?"

मोठा जे, छोटा एच. तो श्री होता! डीटीपीवाल्या मुलानं वर्डची फाईल आहे तशी पाठवली होती, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी रूप फॉन्ट चढवतो. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे, म्हणून जेच्या जागी श्र दिसतो आणि एचच्या जागी वेलांटी. आत्याच्या फोनमध्ये फॉन्ट नाही, मग फोनला जे आत दिसलं ते त्यानं मुकाट्यानं दाखवलं. 'राम' असता तर छोटे जे, के, ई दिसले असते. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधीच टाईप करायची, डोळ्याला दिसते तशी. त्यामुळे बटूच्या आधीचं 'चि.' एफपासून सुरू झालेलं.

"पीडीएफ पाठवते," म्हटलं.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते तेव्हा वार्षिक अहवालाची फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून जायचे, मी मागोमाग. दुकानात चपला बाहेर काढाव्या लागत, कारण आत कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासाठी एसी होता. आम्ही त्या एसीचे आगंतुक. फ्लॉपी हातात घ्यायच्या आधी तो माणूस विचारायचा, "फॉन्ट आणलाय का सोबत?" गावजेवणाला आपापलं ताट-तांब्या घेऊन जायचं, तसा प्रकार. फॉन्ट नसला की पेजमेकरमध्ये, म्हणजे छपाईची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, अख्खी सोसायटी बाराखडी विसरायची. बाबा तरीही चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे बघत राहायचे, जणू नीट बघितलं तर वाचता येईल. मला मात्र तो एसी सोडवत नसे.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ठरलेला क्रमांक. त्याच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती म्हणे. आमच्या गल्लीत ती पोचायला बराच काळ गेला. पत्रिकांच्या दुकानांत तर अजून पोचतेच आहे.

पीडीएफ १९९३ची. तिचं मला आवडतं ते एवढंच, की ती फॉन्ट पोटात घालून निघू शकते. दप्तरी जपून ठेवायच्या कागदांसाठी पीडीएफ-ए नावाचा वेगळा प्रकार २००५मध्ये आला, त्यात तर प्रत्येक फॉन्ट आत असलाच पाहिजे असा नियम आहे. पण पीडीएफही फक्त दिसण्यापुरती प्रामाणिक. जुन्या फॉन्टमधली असेल तर तिच्यात 'मुंज' शोधून बघा, सापडणार नाही. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, की पुन्हा जे एच.

त्यामुळे माझा कशावरच विश्वास नाही. मी पीडीएफ पाठवते, सोबत तिचा फोटो पाठवते, आणि त्याआधी ही दोन्ही मी घरातल्या सगळ्यात जुन्या, काच तडकलेल्या फोनवर उघडून बघते. घरचे हसतात. हसू देत. त्यांनी 'आचाऱ्यांना' पाठवलेलं समोर 'आचार्यांना' होऊन पोचलेलं पाहिलेलं नाही. र आणि य यांच्यामधलं ते न दिसणारं जोडचिन्ह वाटेत कुठेतरी गळतं, आणि भटारखान्याची दक्षिणा गुरुजींना जाते.

एका फाईलपुढे मात्र हे काही चालत नाही. काकांनी निवृत्तीनंतर आमचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. घरातले जुने कागद मोडीतले. ते पुण्यात एका जाणकारांकडून वाचून घेतले, आणि मग सगळं स्वतः, एका बोटानं, त्या वेळच्या फॉन्टमध्ये टाईप केलं. काका गेले. सीडी चालते, फाईल उघडते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली की बरीचशी मराठी होते, पण जोडाक्षरं फुटतात, आणि आमच्या पूर्वजांना जोडाक्षरांची भारी हौस. पणजोबांच्या आईच्या नावात 'कृ'नंतर नुसता एक प्रश्नार्थक चौकोन आहे. कृष्णा असेल. कृपा असेल. तिचं नाव माहीत असलेलं शेवटचं माणूस काकाच होते.

मूळ कागद काकूच्या कपाटात आहेत. मोडी वाचता येणारं आमच्या घरात कोणी नाही.