फोनच्या पाठीला बांधलेली डबी

फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या कदंबा बसमध्ये शेजारचा माणूस साधारण म्हार्दोळ मागे पडलं की विचारतोच, "ही फोनला रबरबँडने बांधलेली डबी कसली हो?" घरी आलेले पाहुणेही तेच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. तो आवाज मोठा करणारा, हेडफोनचा अ‍ॅम्प आहे, आणि बहुतेक तुम्हाला त्याची गरज नाही.

माझे हेडफोन मोठे, अख्खा कान झाकणारे, ३०० ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). साधारण फोनच्या जॅकमधून फार तर एक व्होल्ट बाहेर येतो. तेवढ्यावर या हेडफोनला जेमतेम ३.३ मिलिवॉट मिळतात. त्याच एका व्होल्टवर ३२ ओहमच्या साध्या इयरफोनला ३१ मिळतात, म्हणजे त्याचं पोट फोनवरच भरतं. (नुसते ओहम बघून भागत नाही, सेन्सिटिव्हिटीही, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज निघतो तेही, बघावं लागतं, पण अंदाज यायला एवढं पुरे.) फोनचा आवाज निम्म्यावर असतानाच कान किटत असतील, तर अ‍ॅम्प घेऊन काय करणार? उलट नाजूक इयरफोनला तो लावलात तर गाण्यामागे बारीक 'सूं' ऐकू यायला लागतं. ब्लूटूथवाल्यांनी तर हा विषयच सोडून द्यावा, त्यांचा अ‍ॅम्प हेडफोनच्या पोटातच असतो.

मग मी का वापरतो? माझ्याकडे जुन्या मैफलींच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली आहेत, सगळ्या हळू आवाजाच्या. नुसत्या फोनवर आवाज शेवटपर्यंत नेला तरी तानपुरे पलीकडच्या खोलीत वाजताहेत असं वाटतं आणि डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर मारलेली टिचकी. अ‍ॅम्प मधे आला की डग्ग्याची घुमक येते, मींड कुठे सुरू झाली ते कळतं, आणि तिसऱ्या रांगेत कोणाला तरी खोकला झालेला होता तेही कळतं. अ‍ॅम्प आहे तेच मोठं करतो, नसलेलं आणत नाही. आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखरही मला आता जास्त स्पष्ट ऐकू येते. माझी तक्रार नाही.

पहिला अ‍ॅम्प घेताना मात्र फसलो. दुकानदार म्हणाला, "कुठल्याही फोनला चालेल." घरी येऊन पाहतो तर डबीला फक्त ३.५ मिलिमीटरचं भोक, आणि माझ्या नव्या फोनला ते भोकच नाही! मुलीच्या टॅबलेटचीही तीच गत. अशा फोनमधून गाणं आकडे म्हणून बाहेर येतं, त्याचा आवाज करायला डॅक लागतो. म्हणून शेवटी यूएसबीने जोडता येणारी, डॅक आणि अ‍ॅम्प एकत्र असलेली डबी घेतली. पहिली अजून आहे. जुन्या म्युझिक प्लेयरला लाइन आउट, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आवाज द्यायचं वेगळं भोक, आहे, त्यावर ती सुखाने नांदते.

जोडताना लोक एक चूक हमखास करतात. फोनचा आवाज कमी ठेवतात आणि अ‍ॅम्पचा कान पिळतात. त्याने फोनची सुरसुरही गाण्याबरोबर फुगते. जॅकमधून जोडलंत तर फोन ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवा, यूएसबीतून असेल तर पूर्ण, आणि कमी-जास्त करायचं ते अ‍ॅम्पवर. गेनचं, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं, बटण 'लो'वरच बरं. 'हाय'वर असताना आवाजाचं बटण जरा हललं की कानठळ्या बसतात, आणि अगदी सुरुवातीला एका कानात जास्त, दुसऱ्यात कमी असंही होतं. चार्जिंगला लावून ऐकताना घूंऽऽ आलं तर आधी चार्जर काढून बघा. आणि टुजीवर फोन येण्याआधी जी 'टिर्र-टिर्र' ऐकू येते, ती डबी फोनला चिकटल्यामुळे. मी मधे स्पंजचा तुकडा घातला, थोडी कमी झाली.

पावसाळ्यात वेगळीच कटकट. जुलैत हेडफोनच्या गाद्यांवर बुरशी धरते आणि अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण फिरवताना कुरकुरतं. गाद्या पुसून, सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात ठेवतो. बटण मात्र अ‍ॅम्प बंद करून दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, की गप्प होतं. चवथीपर्यंत तेवढ्यावर भागतं.